पुस्तक मिटून केलेला अभ्यास

महाविद्यालयात अध्यापन करीत असताना दरवर्षी निकालानंतर काही विद्यार्थी माझ्याकडे येत आणि त्या सर्वांची कैफियत जवळजवळ एकच असे : पुस्तकाची तीन-तीन पारायणे केली होती, सारे येत होते, आणि ऐन परीक्षेत काहीच आठवले नाही. त्यांच्या श्रमांविषयी मला कधीही शंका आली नाही. अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने आपले पुस्तक माझ्यापुढे उघडले, तेव्हा पिवळ्या-गुलाबी रेघांतून सुटलेली ओळ शोधावी लागत होती; ते मिटून, मागणीची लवचीकता म्हणजे काय ते स्वतःच्या शब्दांत सांग, असे मी म्हटले, तर एका वाक्यानंतर ती थबकली आणि म्हणाली, "सर, पान समोर असलं की सगळं येतं."

साऱ्या अनर्थाचे मूळ येथेच आहे. मजकूर ओळखीचा वाटणे आणि तो आठवणे हे दोन भिन्न मनोव्यापार होत. पुनःपुन्हा वाचल्याने पहिला बळावतो, परीक्षा मात्र दुसऱ्याची होते. अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी चारही सत्रे उतारा वाचण्यात घालविली, तर इतरांनी एका सत्रात वाचून पुढील तिन्ही सत्रांत तो न पाहता, आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी वाचणाऱ्यांस सुमारे ८३ टक्के आठवत होते, लिहिणाऱ्यांस ७१. आठवड्यानंतर तेच प्रमाण ४० आणि ६१ झाले. आदल्या रात्रीच्या वाचनाने येणारा आत्मविश्वास इतका फसवा का असतो, याचा खुलासा या आकड्यांत आहे.

म्हणून प्रकरण वाचून होताच पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल ते सर्व लिहावे, आणि मग पुस्तक उघडून ताडून पाहावे. हे ताडून पाहणे कदापि टाळू नये, कारण चुकीचे उत्तरही मनात तितकेच घट्ट बसू शकते. जे सुटले तेवढेच पुन्हा वाचावे. हीच उजळणी दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने करावी. एकाच बैठकीत केलेल्या आवृत्त्यांपेक्षा दिवसांत विभागलेल्या आवृत्त्या अधिक टिकतात, हे हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली नोंदविले होते. जुन्या प्रश्नपत्रिका शेवटच्या आठवड्यासाठी राखून न ठेवता सत्राच्या आरंभापासूनच सोडवाव्यात.

या रीतीने प्रारंभी अभ्यास मागे पडल्यासारखा वाटतो, कागद अर्धा कोराच राहतो, आणि कित्येक मुले येथेच धीर सोडून पुन्हा रेघा ओढू लागतात. परंतु आठवण्यासाठी पडणारा तो ताण हाच खरा अभ्यास होय.

पालकांस माझी एक विनंती आहे. मूल पुस्तक मिटून, हातात पेन धरून, भिंतीकडे पाहत बसलेले दिसले, तर त्यास हटकू नये.