गप्प राहिलेले बावीस जण



2008 साली अमेरिकेतील 'एबीसी' वाहिनीने टेक्सास राज्यातल्या एका बेकरीत छुपा कॅमेरा लावला. दुकानदार नट, हिजाब घातलेली ग्राहक नटी. तो तिला सर्वांसमोर अपमान करून माल नाकारत होता. खऱ्या गिऱ्हाइकांपैकी 13 जण तिच्या बाजूने बोलले, 6 जणांनी दुकानदाराला साथ दिली, 22 जण गप्प राहिले.

हे बावीसही जण द्वेष करणारे होते असे आम्हांला वाटत नाही. 1973 साली डार्ली व बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टन येथील सेमिनरीच्या विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. (सेमिनरीचे नाव वाचून आम्ही सावरून बसलो!) त्यांतल्या काहींना दयाळू शोमरोनीच्या दाखल्यावर (लूक 10:25-37) बोलायला पाठवले होते. वाटेत एक माणूस कण्हत बसला होता. तोही मुद्दाम बसवलेला. 'उशीर झालाय' असे ज्यांना सांगितले, त्यांतील दहांपैकी एकच मदतीला थांबला. दाखला डोक्यात होता, तरी घाईच भारी पडली.

आमचेही तेच झाले. देवरीजवळ महामार्गावरच्या एका टपरीत एका म्हाताऱ्या मजुराला जातीवरून वेगळ्या, कान तुटलेल्या कपात चहा दिला. 1955 पासून हा कायद्याने गुन्हा आहे, हे ठाऊक असूनही आम्ही पैसे देऊन निघालो. मिस्सेला उशीर होत होता.

'त्यांनाही माझ्यासारखाच कप द्या,' एवढे म्हणता आले असते. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर थोडे थांबा. अशा वेळी पहिले वाक्य कोणते बोलावे, ते मिळून ठरवू. तरुणांनी जरूर यावे.