रात्रिजागरण : वैमानिकांचा अनुभव व आपली चिकित्सा

सिरोंचा परिसरात मचाणावर बसून पिकाची जागल करणारे शेतकरी व रात्रीचे वाहनचालक शिरःशूल, अग्निमांद्य, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन येतात. त्यांना औषध देण्यापूर्वी निद्रेची वेळ विचारावी, असे आम्हांस वाटते.

या बाबतीत वैमानिकांचा अनुभव बोधप्रद आहे. पहाटे 2 ते 6 हा काळ सतर्कता सर्वांत मंद असण्याचा मानतात. 22 मे 2010 रोजी दुबईहून आलेले विमान सकाळी 6 च्या सुमारास मंगळूर येथे धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले व 158 जण दगावले. विमानप्रमुख प्रवासात दीर्घकाळ निद्राधीन होते. जागे झाल्यावर उतरण्यापूर्वी अवधी थोडा उरल्याने निद्रोत्तर जडत्व राहून निर्णयशक्ती बाधित झाली असावी, असे चौकशी अहवालात नमूद आहे. म्हणजेच निद्रेच्या मात्रेइतकाच तिचा काळही महत्त्वाचा.

वाग्भटाचार्यांनी रात्रिजागरण रूक्ष सांगितले असून, अनभ्यस्त जागरण घडल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी, भोजनापूर्वी निजावे, असा निर्देश केला आहे.

व्यवहारात तीन गोष्टी पाळाव्यात. जागरणापूर्वी शक्य तेवढी झोप घेण्यास सांगावे. उठल्यावर लगेच वाहन हाती घेऊ देऊ नये. त्याच रात्री वाहन चालविणाऱ्यास निद्राजनक औषध देऊ नये. औषधविक्रेत्या बंधूंनीही हा प्रश्न विचारल्याखेरीज असे औषध हाती ठेवू नये.