मुंबईची तीन क्रीडांगणे आणि प्रेक्षकांची जागा

क्रीडांगणाचा इतिहास सामान्यतः धावा, बळी आणि विक्रम यांच्या आधारे सांगितला जातो. दक्षिण मुंबईत मात्र एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर कसोटी सामन्यांची तीन क्रीडांगणे निर्माण झाली. त्यामागील कारणे शोधताना धावफलकाइतकेच प्रेक्षकांच्या आसनांकडेही पाहावे लागते.

बॉम्बे जिमखाना

आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला असलेल्या या संस्थेची स्थापना १८७५ साली झाली. तिचे सभासदत्व युरोपियनांपुरते मर्यादित होते. याच मैदानावर १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाला पराभूत केले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातून आलेल्या पालवणकर बाळू यांची डावखुरी गोलंदाजी त्या विजयात मोलाची ठरली. डिसेंबर १९३३ मध्ये भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना येथेच झाला. नागपूरचे सी. के. नायडू कर्णधार होते. लाला अमरनाथ यांनी ११८ धावा काढून भारताचे पहिले कसोटी शतक नोंदविले. सामना मात्र इंग्लंडने नऊ गडी राखून जिंकला.

ब्रेबॉर्न स्टेडियम

जिमखान्यावर कायमस्वरूपी प्रेक्षागृहे नव्हती. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने बॅकबे येथील भराव घातलेल्या जमिनीवर स्टेडियम बांधण्याचे ठरविले. १९३६ साली गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांनी पायाभरणी केली आणि १९३७ मध्ये स्टेडियम खुले झाले. पंचरंगी सामने तेथे भरू लागले. परंतु पहिल्याच वर्षी आसनांच्या वाटपावरून वाद होऊन हिंदू संघाने स्पर्धेतून अंग काढून घेतले. स्टेडियम क्लबच्या मालकीचे आणि प्रेक्षक सर्व शहराचे, हा पेच पुढेही सुटला नाही.

वानखेडे स्टेडियम

तिकिटांच्या वाट्यावरून क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यातील मतभेद विकोपाला गेले. तेव्हा असोसिएशनचे अध्यक्ष आणि राज्य विधानसभेचे अध्यक्ष बॅ. शेषराव वानखेडे यांनी स्वतंत्र स्टेडियमचा निर्धार केला. वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार ते अल्पावधीत उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तेथे पहिला कसोटी सामना झाला. त्यात क्लाइव्ह लॉईड यांनी नाबाद २४२ आणि मुंबईकर एकनाथ सोलकर यांनी शतक काढले.

२०११ च्या विश्वचषकापूर्वी स्टेडियमची पुनर्रचना झाली. आसने सोयीची झाली, पण प्रेक्षकक्षमता घटून सुमारे ३३ हजारांवर आली. २ एप्रिल २०११ रोजी भारताने श्रीलंकेला हरवून विश्वचषक जिंकला. त्या अंतिम सामन्याच्या वेळी संलग्न क्लब आणि विविध संस्थांचा वाटा वजा जाता खुल्या विक्रीस सुमारे चार हजार तिकिटे उरली होती. ज्या प्रश्नातून हे स्टेडियम जन्मले, तो प्रश्न त्याच्याच प्रवेशद्वारापाशी पुन्हा येऊन ठेपला.

मोकळ्या मैदानाचे मोल

फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी आंतरशालेय सामन्यात ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. ती यांपैकी कोणत्याही स्टेडियममध्ये नव्हे, तर आझाद मैदानावर झाली. तेथे तिकीट नव्हते, आसनक्रमांकही नव्हते.

स्टेडियममध्ये खेळ पाहिला जातो. खेळाडू घडतो तो मोकळ्या मैदानावर. नगरपालिका आराखड्यात क्रीडांगणाचे आरक्षण ठेवते, ग्रामपंचायत शाळेजवळची जागा मोकळी राखते, तेव्हा त्या भूखंडावर प्रेक्षागृह उभे राहिले नाही तरी चालेल. त्याच्यावर अतिक्रमण होऊ नये आणि गावातील कोणत्याही मुलाला तेथे मज्जाव असू नये, एवढी दक्षता मात्र अवश्य घ्यावयास हवी.