मुलांच्या हाती मोबाइल : मोफत पहारेकरी आणि त्यांच्या मर्यादा

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये या गावाने एक निर्णय घेतला. सायंकाळी सात वाजता गावातील मंदिरावरील भोंगा वाजावयाचा, तत्क्षणी घरोघरचे मोबाइल आणि दूरदर्शन संच बंद व्हावयाचे, आणि साडेआठ वाजता दुसरा भोंगा होईपर्यंत ते बंदच ठेवावयाचे. करोनाच्या साथीत शाळा बंद असताना अभ्यासासाठी मुलांच्या हाती फोन द्यावा लागला होता. शाळा पुन्हा भरू लागल्या, पण फोन हातातून सुटेना. सरपंच विजय मोहिते व ग्रामस्थांनी यावर विचार केला, तेव्हा मालिका पाहण्यात आपलाही वेळ जातो हे गावातील महिलांनी मोकळेपणाने मान्य केले. म्हणूनच हा नियम मुलांइतकाच मोठ्यांनाही लागू झाला.

हाच प्रश्न सोडविण्यासाठी अनेक पालक मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या मोफत ॲपचा आधार घेतात. अशा ॲपपासून काय साधते व काय साधत नाही, हे पालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

ॲप काय करू शकते?

या वर्गातील सर्वपरिचित साधन म्हणजे गूगल कंपनीचे ‘फॅमिली लिंक’ होय. २०१७ साली सुरू झालेले हे ॲप विनामूल्य आहे. पालकाच्या फोनवरून मुलाच्या अँड्रॉइड फोनची दैनंदिन कालमर्यादा ठरविता येते, रात्री ठराविक वेळी फोनला कुलूप लावता येते, नवे ॲप घेण्यापूर्वी मुलास परवानगी मागावी लागते, कोणत्या ॲपवर किती वेळ गेला हे कळते आणि फोन कोठे आहे हेही पाहता येते. आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ ही अशीच सोय २०१८ पासून अंतर्भूत आहे. विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यवसायासाठी परप्रांती असलेला पिता किंवा साताऱ्याच्या जावळी-पाटणमधून मुंबईस माथाडी कामासाठी गेलेला कष्टकरी यांना, गावी आजी-आजोबांजवळ असलेल्या मुलाच्या फोनवर दुरून मर्यादा घालता येते, हा लाभ लहान नव्हे.

मर्यादा कोठे येतात?

पहिली अडचण घराच्या रचनेतूनच उद्भवते. ही साधने ‘एक मूल, एक फोन, एक खाते’ असे गृहीत धरतात. आपल्याकडील असंख्य घरांत फोन एकच, तोही वडिलांचा, आणि त्यावरील खातेही वडिलांचेच असते. त्या फोनवर बसलेले मूल ॲपच्या दृष्टीने प्रौढच ठरते. मुलाने आपले वय वाढवून खाते उघडले असेल तरीही हाच परिणाम होतो.

दुसरी मर्यादा अशी की, ॲप वेळ मोजते, आशय जाणत नाही. मूल दोन तास व्हॉट्सॲपवर होते एवढे ते सांगेल; परंतु ते मित्राशी गणितावर बोलत होते, की कोणी अनोळखी माणूस त्यास छायाचित्रासाठी धमकावीत होता, हे ‘फॅमिली लिंक’ला कळत नाही. संकेतस्थळे रोखण्याची त्याची सोय मुख्यतः क्रोम ब्राउझरपुरती आहे. कोणतीही चाळणी सर्वच अनुचित मजकूर अडवू शकत नाही. शेजारच्या किंवा मित्राच्या फोनपर्यंत तर तिचा हात पोचतच नाही. फोन बंद असेल किंवा डोंगरी खोऱ्यात नेटवर्क तुटले, तर ठिकाणाची ताजी माहितीही मिळत नाही.

तिसरी मर्यादा ‘मोफत’ या शब्दातच दडलेली आहे. अनेक खाजगी ॲपची मोफत आवृत्ती एकाच फोनपुरती असते किंवा थोड्या दिवसांनी शुल्क मागते.

सर्वांत मोठा धोका

मुलाचे संदेश आणि कॉल गुपचूप वाचून दाखवितो, असे सांगणाऱ्या ॲपपासून पालकांनी विशेष सावध राहावे. २०१९ पासून गूगलच्या प्ले स्टोअरवरील ॲपना संदेश व कॉलनोंदी वाचण्याची मुभा फार थोड्या कारणांसाठी दिली जाते. त्यामुळे अशी ॲप बहुधा बाहेरील दुव्यावरून उतरवून घ्यावयास सांगतात आणि त्यासाठी फोनची सुरक्षा व्यवस्थाही बंद करावयास लावतात. घराला राखणदार ठेवण्यासाठी दाराची कडीच काढून टाकण्याचा हा प्रकार आहे. मुलाची छायाचित्रे, संदेश व वावर कोणाच्या संगणकात साठतो, हे पालकास कळत नाही. २०१८ साली अमेरिकेतील ‘टीनसेफ’ या पालकांसाठीच्या सेवेचे सर्व्हर असुरक्षित राहिल्याने हजारो खात्यांची माहिती, मुलांच्या संकेतशब्दांसह, उघडी पडली होती.

आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली आहे. बालकाची माहिती वापरण्यापूर्वी कंपनीने पालकाची पडताळणीयोग्य संमती घ्यावी आणि बालकाचा माग काढू नये, असे हा कायदा सांगतो. काही बाबतींत त्यातून सूट आहे. याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. मात्र पालकाने न वाचता ‘मान्य’ वर बोट ठेवले, तर कायद्याने दिलेले हे संरक्षण तो स्वतःच दुबळे करतो.

पालकांनी काय करावे?

मुलास स्वतंत्र फोन द्यावयाचाच असेल, तर त्याच्या खऱ्या वयाचे खाते उघडून मगच ‘फॅमिली लिंक’ जोडावे. घरात एकच फोन असेल, तर प्ले स्टोअरमधील पालक नियंत्रण सांकेतिक क्रमांकासह चालू करावे. अभ्यासापुरता फोन देताना ‘ॲप पिनिंग’ ही सोय वापरावी. त्यायोगे उघडलेल्या एकाच ॲपवर फोन थांबतो व क्रमांक टाकल्यावाचून मुलास अन्यत्र जाता येत नाही. तो क्रमांक मुलाच्या देखत टाकू नये. आजी-आजोबांनाही ही रीत शिकवावी.

देखरेख मुलास सांगून ठेवावी, हे सर्वांत महत्त्वाचे. चोरून ठेवलेली पाळत मुलाच्या ध्यानात आली, म्हणजे ते दुसरा फोन शोधते; आणि खऱ्या संकटाच्या वेळी घरी बोलावयास धजत नाही. ‘काहीही घडले तरी आधी मला सांग, मी फोन काढून घेणार नाही,’ हा पालकाचा शब्द कोणत्याही ॲपहून अधिक कामाचा आहे. छळ वा फसवणूक झाल्यास पुरावा पुसून न टाकता राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंद संकेतस्थळावर तक्रार करावी. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० आणि संकटातील बालकासाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

फोन दूर ठेवला, की त्या जागी दुसरे काही यावयास हवे. सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळील भिलार हे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. तेथे राहत्या घरांत पुस्तके मांडली असून येणाऱ्यास ती बसून वाचता येतात. घरातील एका कोपऱ्यात दहा पुस्तके ठेवणे कोणत्याही गावास अवघड नाही.

वडगावात भोंगा वाजल्यावर आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून लोकांना आठवण देत. त्या दीड तासात मुलाचा फोन बंद होई, तसाच आईबापांचाही. ॲप मुलाच्या फोनला कुलूप लावू शकते. आपला फोन बाजूला ठेवून मुलाशेजारी बसण्याचे काम मात्र पालकांनाच करावे लागते. आज सायंकाळी सात वाजता त्यास आरंभ करता येईल.