रिकामे ताट परत जात नाही
(दिवाळी आणि शेजारधर्म : परिसर अभ्यास)



दिवाळी हा सणांचा राजा आहे, असे आपण दर वर्षी निबंधात लिहितो. आकाशकंदील, नवे कपडे, फटाके, फराळ हे सर्व त्यात येते. शेजारी मात्र येत नाहीत. म्हणून या वर्षी बाईंनी आम्हाला सुट्टीत निराळा अभ्यास दिला. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत आपल्या गल्लीत कोण कोणाच्या दारी काय घेऊन गेले ते वहीत लिहायचे आणि तसे का करतात ते मोठ्या माणसांना विचारायचे. त्या वहीवरून हा लेख लिहिला आहे.

प्रथम गावाची माहिती सांगते. आमचे गाव बीड जिल्ह्यात आहे. पाऊस कमी आणि जमीन हलकी, त्यामुळे पुष्कळ माणसे ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, म्हणून कारखान्याचा हंगाम सुरू होताना निघावेच लागते. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जातात, कोणी कर्नाटकात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलेली माणसे मार्च-एप्रिलात परत येतात. म्हणजे ऐन दिवाळीच्या सुमारास आमच्या गल्लीत कुलपे लागतात. काही घरांत फक्त म्हातारी माणसे आणि लेकरे राहतात. आमचेही घर त्यातलेच. या वर्षी आईवडील धनत्रयोदशीच्या आधीच गेले. घरी आजी, मी आणि धाकटा भाऊ.

आता वहीतील नोंदी पाहू.

(१) फराळाची सावड

शेतातली सावड आपल्याला माहीत आहे. आज तुमच्या रानात खुरपायला आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही. पैसे द्यायचे नाहीत, कामाला काम. इर्जिकही तशीच. एकाच्या शेतात सगळ्यांनी आपापले बैल घेऊन जायचे, एका दिवसात नांगरट उरकायची आणि त्या शेतकऱ्याने सर्वांना जेवण द्यायचे. ट्रॅक्टर आल्यापासून इर्जिक फारशी दिसत नाही. पण दिवाळीत बायका अजून सावडीनेच काम करतात. आमच्या गल्लीत चकलीचे सोरे दोनच आहेत. ते घरोघर फिरतात आणि त्यांच्याबरोबर बायकाही फिरतात. एक पोळपाटावर लाटते, एक करंजी भरते, एक तळते. एकटीला दोन दिवस लागतील ते काम दुपारभरात होते.

(२) आजीची भाजणी

या वर्षी आमच्याकडे फराळाचे जिन्नस पुरते आणता आले नव्हते. शेजारच्या काकूंना ते ठाऊक होते. पण त्या "तुम्हाला फराळ देते" असे म्हणाल्या नाहीत. दारात येऊन म्हणाल्या, "आजी, मला भाजणीचा अंदाज येत नाही बघा. मागच्या साली चकल्या पार वातड झाल्या. तुम्हीच या चुलीपाशी."

आजी लगेच उठली. तांदूळ ४ वाट्या, हरभऱ्याची डाळ २ वाट्या, उडदाची डाळ १ वाटी, वरून धणे-जिरे. प्रत्येक जिन्नस निराळा भाजायचा आणि आच मंद ठेवायची, हे तिने सगळ्या बायकांना दाखवले. अनारसे तेलात पसरून फुटले की 'अनारसा हसला' म्हणतात. असे का होते तेही तिने सांगितले. पिठात गूळ जास्त झाला की तो हसतो. संध्याकाळी निघताना काकूंनी डबा भरून दिला. आजी नको म्हणाली. काकू म्हणाल्या, "हा तुमचा वाटा आहे. सावडीत वाटा सोडत नसतात."

(३) ताटात काय घालायचे ?

फराळाचे ताट आले की आजी ते रिकामे परत देत नाही. थोडी साखर, मूठभर शेंगदाणे, काहीच नसेल तर अंगणातले फूल ठेवते. मी तिला विचारले, "एवढ्याशा साखरेनं काय फिटतंय, आजी ?"

ती म्हणाली, "फेडायला नसतंय गं ते. रिकामं ताट हातात घेऊन गेलं की मान खाली जाते. चिमूटभर साखर असली की ताठ मानेनं जाता येतं."

हे वाक्य मी वहीत चौकट आखून लिहिले आहे.

ही परतफेड लगेच झाली पाहिजे असेही नाही. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या चाचीच्या घरी आमच्याकडून दिवाळीला लाडू-चिवडा जातो. तिचा शीरखुर्मा रमजान ईदेला येतो. ईद चंद्रावर असते आणि दर वर्षी साधारण १० ते ११ दिवस अलीकडे येते. त्यामुळे शीरखुर्मा कधी उन्हाळ्यात येतो, तर कधी पावसाळ्यात. पण येतोच.

(४) ज्या घरी कढई चढत नाही

ज्या घरातले माणूस वर्षभरात वारले असेल, त्या घरी त्या दिवाळीत फराळाची कढई चढवत नाहीत. तेथे शेजारीपाजारी आणि नातेवाईक फराळ नेऊन देतात. या वर्षी आमच्या गल्लीत असे एक घर होते. बायका ताट ठेवून लगेच परतल्या नाहीत. थोडा वेळ बसल्या, गेलेल्या माणसाच्या आठवणी काढल्या. त्या घराचे ताट रिकामे परत आले तरी कोणी वाईट मानत नाही. त्या वर्षी त्यांनी फक्त घ्यायचे असते. पुढे दुसऱ्या कोणावर तशी वेळ आली की ते देतील. मुलांनीही त्या घरासमोर फटाके उडवले नाहीत. कोणी सांगितले नव्हते, तरी सगळे पाराकडे गेले.

(५) रात्रीची सोबत

आईवडील गेल्यापासून काकूंची मोठी मुलगी रात्री आमच्याकडे झोपायला येते. ती नववीत आहे. काकू आजीला म्हणाल्या, "आमच्या घरी टीव्हीचा दंगा असतो. पोरीला तुमच्याकडे अभ्यास करू द्या." खरे म्हणजे सोबत आम्हाला हवी होती. पण बोलणे असे, की जणू आम्हीच त्यांच्यावर उपकार केले. आता ती मला गणित शिकवते आणि आजी दोघींना गोष्टी सांगते. फोनवर आई रोज विचारते, "ताई आली का झोपायला ?" आली म्हटले की तिचा आवाज बदलतो.

(६) १९७२ सालची आठवण

१९७२ च्या दुष्काळात आजी आपल्याएवढी होती. विहिरी आटल्या होत्या. मोठी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तिथे सुकडी मिळे. त्या दिवाळीत लाडू कोठले ? घरोघरच्या बायकांनी आपापली सुकडी आणून एकत्र केली आणि लेकरांना सारखी वाटली. तेल नव्हते म्हणून एका दारी एकच पणती लावली. आजी म्हणते, "एकेकच व्हती, पण गल्लीत अंधार नव्हता."

या अभ्यासातून काय समजले ?

देणे सोपे असते, पण घेणाऱ्याला कमीपणा न वाटू देता देणे हे शिकावे लागते. आपल्या जुन्या माणसांनी त्यासाठीच या रीती लावून दिल्या आहेत. सावडीत वाटा आहे, म्हणून ती भीक होत नाही. ताटात साखर आहे, म्हणून घेणारा आणि देणारा सारखे होतात. दुःखाच्या घरी हिशेब नाही, कारण ती वेळ प्रत्येकावर येते.

मित्रांनो, आता सुट्टी संपली. आपल्या वर्गातील काही जागा रिकाम्या दिसत आहेत. ती मुले आईबापांबरोबर फडावर गेली आहेत. ती परत येतील तेव्हा त्यांना "तुमचे किती बुडाले" असे विचारू नका. आपल्या वह्या त्यांच्यासाठी नीट ठेवा आणि त्यांनी तिकडे काय काय पाहिले ते विचारा. म्हणजे आपण त्यांना धडे देऊ, ते आपल्याला माहिती देतील, आणि ताट कोणाचेच रिकामे राहणार नाही.

पालकांना एक विनंती. पुढच्या हंगामाला निघताना लेकरांना शाळेसाठी गावात ठेवता येईल का, याचा विचार करा आणि शेजाऱ्यांशी मोकळेपणाने बोला. आणि जे गावात राहतात त्यांनी दिवाळीच्या दिवसांत कुलूप लागलेल्या दारापुढेही एक पणती ठेवा. आमच्या गल्लीत या वर्षी आम्ही मुलांनी ती ठेवली होती.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी