दुसऱ्याचा पेंढा वाहताना भाडे किती घ्यावे?

भाताची झोडणी आटोपली की उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या दिसू लागतात. पण ज्याच्याकडे भात आहे त्याच्या गोठ्यात जनावरे उरलेली नाहीत आणि ज्याच्या दावणीला दोन म्हशी आहेत त्याच्याकडे शेत उरलेले नाही, असा प्रकार या भागात बऱ्याच ठिकाणी आढळतो. १९७० नंतर नवी मुंबईसाठी आणि पुढे १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरासाठी इथल्या जमिनी गेल्या, काही घरांतील गोठे मात्र राहिले. त्यामुळे पेंढा एका गावातून दुसऱ्या गावात न्यावा लागतो. नेणारा बहुधा धंदेवाईक वाहतूकदार नसतो. भाजी, खत किंवा मासळीसाठी छोटा टेम्पो घेतलेला तो आपल्यातलाच एक शेतकरी असतो. शेजारी येतो आणि म्हणतो, "भाऊ, माझी एक खेप मारून दे. काय होईल ते सांग."

शेतकरी बंधूंनो, हे "काय होईल ते" सांगताना बहुतेकांची गफलत होते. कोणी नुसते डिझेलचे पैसे मागतो. कोणी नाक्यावरचा टेम्पोवाला जे घेतो त्यात शंभर रुपये कमी करून सांगतो. कोणी तर "तुला वाटेल ते दे" म्हणून मोकळा होतो आणि हातात पडलेली रक्कम पाहून मनातल्या मनात कुढतो. या तिन्ही पद्धतींत आपला खरा खर्च किती झाला हे कळत नाही. वर्षाअखेरीस टायर बदलायची वेळ येते, विम्याचा हप्ता भरायचा असतो, तेव्हा गाडीने मिळवलेले पैसे कुठेच दिसत नाहीत.

प्रथम मालाचा स्वभाव लक्षात घ्यावा. पेंढा वजनाने हलका आणि आकाराने मोठा असतो. दीड टन माल वाहू शकणाऱ्या गाडीत सुटा पेंढा कसाबसा चार-पाच क्विंटल बसतो. गाडी भरलेली दिसते, पण वजनाच्या मानाने ती जवळजवळ रिकामीच धावत असते. म्हणून सिमेंट किंवा खताप्रमाणे क्विंटलवर भाडे ठरवले तर नेणाऱ्याचे नुकसान होते. शिवाय दव पडलेला किंवा अवकाळी पावसात भिजलेला पेंढा जड भरतो, तेव्हा घेणाऱ्याचे नुकसान होते. पेंढ्याचे भाडे खेपेवर ठरवावे आणि एका खेपेत किती पेंढ्या जातात हे दोघांनी मोजून घ्यावे. सगळ्या पेंढ्या सारख्या नसतात. उंच वाढणाऱ्या जुन्या भाताची पेंढी लांब आणि जड असते, बुटक्या सुधारित जातीची आखूड असते. दहा पेंढ्या काट्यावर घालून सरासरी काढली म्हणजे वाद राहत नाही.

आता एक प्रत्यक्ष हिशेब मांडू. यातील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, आपापल्या गाडीचे आकडे त्या जागी घालावेत. समजा, चिरनेरच्या बाजूच्या शेतातून (१९३० च्या जंगल सत्याग्रहाचे हेच ते चिरनेर) मोरा येथील एका गोठ्यात पेंढा पोचवायचा आहे. एका बाजूचे अंतर १८ किलोमीटर आणि घरापासून शेतापर्यंत जाण्यायेण्याचे ४ किलोमीटर, असे एकूण ४० किलोमीटर धरू. मोऱ्याच्या धक्क्यावरून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते, ओहोटीला गाळामुळे तिचाही खोळंबा होतो. पण आपला माल जमिनीवरूनच येणार, त्यामुळे भरती-ओहोटीची चिंता नाही. चिंता आहे ती कंटेनरच्या रांगांची. तिचा विचार पुढे येईलच.

गाडीचा खर्च दोन प्रकारचा असतो. पहिला, गाडी उभी असली तरी होणारा. जुना टेम्पो ४,००,००० रुपयांना घेतला आणि पाच वर्षांनी तो १,५०,००० रुपयांना विकला जाईल असे धरले, तर वर्षाची घट ५०,००० रुपये येते. गुंतवलेल्या रकमेची सरासरी २,७५,००० रुपये, तिच्यावर शेकडा १० प्रमाणे व्याज २७,५०० रुपये. विमा, कर, योग्यता प्रमाणपत्र वगैरे मिळून ३२,५०० रुपये धरू. एकूण झाले १,१०,००० रुपये. गाडी वर्षात २२० दिवस कामावर असेल, तर दिवसाला ५०० रुपये पडतात. पुष्कळजण घट आणि व्याज धरतच नाहीत. "गाडी तर रोखीने घेतली, व्याज कसले?" असे विचारतात. तेच पैसे बँकेत ठेवले असते तर काही मिळालेच असते ना? मग ते धरायला हवे.

दुसरा खर्च गाडी चालल्यावर होणारा. शेतातल्या बांधावरून खालच्या गिअरमध्ये जावे लागते, वाटेत थांबावे लागते, म्हणून लिटरला १० किलोमीटरपेक्षा जास्त धरू नये. ४० किलोमीटरला ४ लिटर डिझेल, लिटरला ९० रुपये धरल्यास ३६० रुपये. टायर, ऑईल, दुरुस्ती यांसाठी किलोमीटरला ४ रुपये म्हणजे १६० रुपये. दोर आणि ताडपत्रीची झीज ३० रुपये. चालक तुम्ही स्वतः असलात तरी मजुरी धरायची. दिवसाला ७०० रुपये हिशेबाने अर्ध्या दिवसाचे ३५० रुपये. गाडीचा उभा खर्च अर्ध्या दिवसाचा २५० रुपये. भरायला आणि उतरवायला माणसे पेंढा घेणाऱ्याची, असे ठरले आहे असे मानू. एकूण खर्च १,१५० रुपये झाला. जोखीम आणि नफा यांसाठी शेकडा १५ मिळवले तर १,३२२ रुपये ५० पैसे, म्हणजे १,३२५ रुपये सांगायला हरकत नाही.

गाडीत ४०० पेंढ्या बसल्या तर पेंढीमागे भाडे सुमारे ३ रुपये ३० पैसे पडले. आता घेणाऱ्याच्या बाजूने पाहा. खळ्यावर त्याने पेंढी ५ रुपयांना घेतली असेल, तर गोठ्यात पोचेपर्यंत ती ८ रुपये ३० पैशांची झाली, त्याच्या माणसांची मजुरी वेगळीच. मोऱ्यात दारात आणून देणारा कोणी ९ रुपयांत देत असेल, तर हा सौदा त्याला जेमतेम परवडतो. ८ रुपयांत देत असेल तर परवडत नाही आणि तुम्ही कितीही बरोबर हिशेब मांडलात तरी तो तुम्हाला बोलावणार नाही. म्हणजे भाड्याला वरूनही एक मर्यादा असते. पोचल्या जागची किंमत आणि खळ्यावरची किंमत यांतला फरक, हीच ती मर्यादा. पेंढ्यासारख्या स्वस्त मालात ही मर्यादा फार लवकर लागते, म्हणूनच लांबचा सुटा पेंढा कोणी नेत नाही.

खालची मर्यादाही माहीत असावी. वरच्या उदाहरणात डिझेल, झीज आणि दोर मिळून ५५० रुपये होतात. याच्या खाली भाडे घेतले तर तुम्ही आपल्या खिशातून पैसे घालून दुसऱ्याचा पेंढा वाहत आहात. स्वतःची मजुरी धरली तर ही पायरी ९०० रुपयांवर येते. कामाविना गाडी आणि माणूस दोन्ही बसून असतील, त्या दिवशी ९०० ते १,१५० च्या दरम्यान भाडे स्वीकारणे चुकीचे नाही, कारण उभ्या खर्चाचा काही भाग तरी निघतो. मात्र वर्षभर तसेच करत राहिल्यास गाडी बदलण्याच्या वेळी हातात काही राहणार नाही.

भाडे कमी करण्याचा खरा मार्ग पैसे सोडण्यात नाही, खेप नीट भरण्यात आहे. पेंढ्यांचे बुडखे बाहेर आणि शेंडे आत ठेवून, प्रत्येक थर पायाने दाबत, कोपरे आधी बांधत भरले की त्याच गाडीत ५०० पेंढ्या बसवता येतात. तेवढ्याच १,३२५ रुपयांत पेंढीमागे भाडे २ रुपये ६५ पैशांवर येते. गाठी बांधलेल्या असतील तर आणखी माल मावतो, पण गाठी बांधण्याचा खर्च त्यात मिळवून मगच तुलना करावी. दुसरा मार्ग परतीच्या खेपेचा. उरणच्या बाजारात तुम्ही भाजी घेऊन जाणारच असाल आणि येताना गाडी रिकामी येत असेल, तर त्या वाटेवरचा पेंढा आणायला पूर्ण भाडे लावण्याचे कारण नाही. वाढीव अंतर, भरण्यात जाणारा वेळ आणि थोडा नफा एवढे पुरे.

वेळेचा मुद्दा मात्र कोणी मनावर घेत नाही. वरचा सगळा हिशेब खेप अर्ध्या दिवसात संपते यावर उभा आहे. तुम्ही सकाळी सात वाजता खळ्यावर पोचलात आणि पेंढा अजून बांधायचाच आहे, माणसे न्याहारीला गेली आहेत, किंवा जासई-दास्तानच्या बाजूला कंटेनरच्या रांगेत दोन तास गेले, तर संपूर्ण दिवस त्या एका खेपेत जातो. मग उभा खर्च ५०० आणि मजुरी ७०० होऊन एकूण खर्च १,७५० रुपयांवर जातो आणि १,३२५ रुपये घेऊन तुम्हाला ४२५ रुपये तोटा होतो. म्हणून आधीच सांगून ठेवावे : पेंढा बांधून तयार असावा आणि भरण्यात पहिल्या तासानंतर जो वेळ जाईल त्याचे तासाला १५० रुपये पडतील. (दिवसाचा उभा खर्च व मजुरी मिळून १,२०० रुपये, भागिले आठ तास.) रस्त्यावरच्या कोंडीचा भार मात्र शेजाऱ्यावर टाकणे बरे नाही. तो जोखमीच्या शेकडा १५ मध्ये धरावा किंवा पहाटे निघावे.

उतरवण्याची जागाही आधी पाहून घ्यावी. मोऱ्याच्या कोळीवाड्यासारख्या दाट वस्तीत अरुंद गल्लीपाशी गाडी अडते आणि गोठा आतमध्ये राहतो. तिथून डोक्यावर भारे कोणी न्यायचे, हा प्रश्न गाडी येऊन उभी राहिल्यावर निघाला की भांडण ठरलेले.

काही ठिकाणी पैशाऐवजी वाटा देण्याची पद्धत आहे. "तिसरा हिस्सा पेंढा तू ठेव" असे सांगितले जाते. तुमच्याकडे जनावरे असतील तर हे फायद्याचे होऊ शकते, पण हिशेब करून पाहावा. ४०० पेंढ्यांचा तिसरा हिस्सा १३३ पेंढ्या. खळ्यावरच्या ५ रुपये दराने त्यांची किंमत ६६५ रुपये होते, म्हणजे खर्चाच्या बरीच खाली. मोऱ्यातल्या ९ रुपये दराने विकल्या तर १,१९७ रुपये मिळतील, तेव्हा कुठे खर्च निघेल. आणि त्या विकायला गिऱ्हाईक तुम्हालाच शोधावे लागेल.

नात्यातल्या माणसाचे काय करावे, हा प्रश्न शेतकरी मेळाव्यात हमखास येतो. व्याही किंवा मेव्हणा असेल तर पैसे मागायला जीभ रेटत नाही. अशा वेळीही आधी पूर्ण आकडा सांगावा आणि मग आपली मजुरी किंवा नफा सोडल्याचे सांगावे. "खर्च अकराशे पन्नास आहे, माझे साडेतीनशे धरत नाही, आठशे दे" असे म्हटले की त्यालाही कळते की आपल्याला काय मिळाले. न सांगता सोडलेले पैसे कोणाच्याच लक्षात राहत नाहीत आणि पुढच्या वर्षी तोच दर कायमचा होऊन बसतो.

भाडे घेण्यापूर्वी कागदपत्रे तपासावीत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे भाड्याने माल नेणारे वाहन परिवहन वाहन म्हणून नोंदलेले असावे लागते. भारासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू वाहनाला परवान्यातून सूट आहे. नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र आणि विमा यांतून सूट नाही. ट्रॅक्टर-ट्रॉली शेतीकामासाठी नोंदलेली असेल आणि विमाही तसाच असेल, तर दुसऱ्याचा माल भाड्याने नेताना अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. ट्रॅक्टरवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे : जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर ट्रॅक्टरला बंदी आहे. पेंढ्यावर माणसे बसवून आणणे तर पूर्ण बंद करावे.

पेंढा उंच आणि रुंद भरण्याचा मोह होतो. कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार बाजूंना, मागेपुढे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेलेल्या भारासाठी २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. आपल्या उदाहरणात खेपेमागे नफा आहे जेमतेम पावणेदोनशे रुपये. एक दंड म्हणजे शंभराहून अधिक खेपांचा नफा गेला. त्याहून मोठा धोका विजेच्या तारांचा. गावातल्या तारा कुठे लोंबल्या आहेत ते रिकाम्या गाडीने जातानाच पाहून ठेवावे. सायलेन्सरजवळ पेंढ्याच्या काड्या लोंबत नाहीत ना हे बघावे आणि भरताना, उतरवताना विडी पेटवू देऊ नये. वाटेत पेंढा भिजला किंवा जळला तर नुकसान कोणाचे, हेही बोलून घ्यावे. ताडपत्री न बांधल्यामुळे भिजला तर तो तुमचा दोष, ओला भरून दिला असेल तर त्याचा.

गाडीत एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटरचे आकडे, डिझेल, पेंढ्यांची संख्या, निघाल्याची व परतल्याची वेळ आणि मिळालेली रक्कम, एवढे प्रत्येक खेपेला लिहावे. एका हंगामात दहा-पंधरा खेपांची नोंद झाली की आपले आकडे वरच्या उदाहरणापेक्षा किती वेगळे आहेत ते दिसेल. डिझेल लिटरमागे ५ रुपयांनी वाढले तर या खेपेचा खर्च २० रुपयांनीच वाढतो, त्यासाठी भाडे शंभराने वाढवू नये. मात्र गाडी वर्षात २२० ऐवजी ११० दिवसच कामावर असेल, तर उभा खर्च दिवसाला १,००० रुपये होतो आणि याच खेपेचा खर्च १,१५० वरून १,४०० रुपयांवर जातो.