शेततळ्याचा सांडवा आणि पाण्यातील जादा खत

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल तळ्यात, बाजूंना १:१ उतार दिल्यास, सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. एवढ्या कष्टाने साठविलेले पाणी हिरवे पडून निकामी होऊ नये, याची दक्षता घेणे अगत्याचे आहे.

पाणी हिरवे का होते?

पावसाच्या पाण्याबरोबर शेतातील खत व गोठ्यातील शेणमूत्र तळ्यात येते. नत्र पाण्यात विरघळून येते, तर स्फुरद मुख्यतः काळ्या मातीच्या गाळाला चिकटून येते. या दोहोंवर शेवाळ माजते. रात्री ते पाण्यातील प्राणवायू वापरते. म्हणून पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढतात व प्रसंगी मरतात. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विषारी असल्याने असे पाणी जनावरांना पाजू नये.

उपाय कोणते?

पाणी आत येते तेथे गाळ अडविणारा खड्डा घ्यावा व वाटेवर गवताचा पट्टा राखावा. उकिरडा व गोठा तळ्याच्या वरच्या अंगास नसावा. घरातील सांडपाणी तळ्यात सोडू नये. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी (ता. हिमायतनगर) या गावाने सांडपाणी घरोघरच्या शोषखड्ड्यांत जिरविले, हे उदाहरण अनुकरणीय आहे.

सांडवा बांधाच्या माथ्यापेक्षा किमान अर्धा मीटर खाली ठेवावा. त्यास दगडी अस्तर करावे व पाणी शेजाऱ्याच्या शेतात न जाता नाल्यास मिळेल असे पाहावे. सांडवा नसलेल्या तळ्याचा बांध एका अतिवृष्टीत फुटू शकतो.

तथापि सांडव्यावाटे वरचे पाणी जाते. खताचा अंश तळाशी राहतो. यास्तव पिकास पाणी देताना ते तळाजवळून उपसावे. उन्हाळ्यात तळे आटल्यावर गाळ काढून शेतात पसरावा. प्लास्टिकचे अस्तर असल्यास ते फाटणार नाही अशी काळजी घ्यावी. तळ्यात जे अपायकारक, तेच शेतात उपकारक ठरते.

ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक तळ्याची येण्याची वाट व सांडवा पाहून घेतल्यास, टंचाईच्या दिवसांत हे पाणी खात्रीने उपयोगी पडेल.